ठरवलं काय, झालं काय: तुमचं आरपीजीतलं कॅरेक्टर

आरपीजी (आपलं पात्र आपणच घडवत न्यायचं असा गेम) सुरू केला की अर्धा तास पात्राचे नाक-डोळे कोरायचे, "यावेळी जादूगारच" अशी शपथ घ्यायची आणि दहा तासांनी बघावं तर हातात तेच जुनं हत्यार! तुमचंही असं होतं का? लढायची कुठली पद्धत ठरवली होती, कुठे घसरलात, का घसरलात, ते लिहा. सगळ्यांत भारी बिल्ड (कौशल्यं-हत्यारांची जुळणी) कोणती हा वाद इथे नको, त्यासाठी ढिगाने व्हिडिओ आहेत.

सुरुवात मी करतो. स्कायरिममध्ये (२०११) दोन हातांनी पेलायची कुऱ्हाड घेऊन निघालो. पण तिथे जे वापराल तेच कौशल्य वाढतं. एका गुहेत घाबरून लांबूनच बाण सोडला. लपून मारलेल्या बाणाची इजा दुप्पट, पुढे त्याचा पर्क (कौशल्यातली खास बढती) घेतला की तिप्पट. मग कुऱ्हाड कोण उचलतंय? चौथ्यांदा खेळतोय, चौथ्यांदा तोच वाकून चालणारा तिरंदाज.

---

माझं उलट. एल्डन रिंगमध्ये जादू म्हणजे रडीचा डाव, असं माझं ठाम मत. ढाल-तलवार घेऊन मार्गिट या बॉसकडून इतक्यांदा मार खाल्ला की त्याची प्रत्येक हालचाल तोंडपाठ झाली. पुढे रेनाला ही बॉस हरली की तिला लार्व्हल टिअर ही वस्तू देऊन सगळे गुण नव्याने वाटता येतात. गंमत म्हणून सगळं बुद्धीत ओतलं. मी दोन फटक्यांत मरायला लागले, पण अंतर राखणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. शब्द मागे घेते.

---

विचर ३. क्वेन (कवच देणारं जादूचं चिन्ह). क्वेन. परत क्वेन. बाकीची चार चिन्हं कशाला दिली आहेत देव जाणे.

---

बाल्डर्स गेट ३ भावाबरोबर खेळलो. मी बार्ड (गाणारा, गोडबोल्या भाट), तो जादूगार. मी गोब्लिनांशी गोडीगुलाबीने बोलतोय, फासा चांगला पडलाय, आणि हा तिकडे ग्रीस पसरून त्यावर आग टाकतोय! फायरबॉलमध्ये मीही भाजलो. त्याने जादूची इव्होकेशन शाखा घेतली असती तर आपली माणसं वाचतात, पण याला 'नेक्रोमान्सी (मेलेल्यांची जादू) भारी दिसते'. शेवटी विदर्सला (वर्ग बदलून देणारं पात्र) १०० सोन्याची नाणी मोजून मीच बार्बेरियन (रागाने तुटून पडणारा योद्धा) झालो. बोलायचंच नाही म्हटलं.

---

न लढण्याची पद्धत चालेल का? अंडरटेल (२०१५). कुणालाच मारायचं नाही ठरवलं की लेव्हल १ आणि २० एचपीवरच (जीवनशक्तीवरच) शेवटपर्यंत तग धरायचा. मी मात्र टोरिएलला (सुरुवातीला आपल्याला सांभाळणारं पात्र) आधी अर्धमेली करून मग सोडू म्हटलं, बाकीच्या गेमांची सवय. शेवटचा वार नेहमीपेक्षा कितीतरी मोठा बसला आणि ती गेली. गेम बंद करून जुन्या सेव्हवर आलो, या वेळी तिला वाचवली. दाराबाहेर फ्लॉवी नावाचं ते बोलणारं फूल भेटलं. आधी काय केलं होतं ते त्याला माहीत होतं.