[मंडळ-मेल] संक्रांतीआधी बटणांची अदलाबदल आणि दागिने

प्रेषक: सु. (बेटनडॉर्फ)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या फराळाला मी जी पांढरी माळ घातली होती तिच्याबद्दल इतक्या जणींनी विचारलं की आता एकदाच सगळ्यांना लिहून टाकते. ती मोत्यांची नाहीये, बटणांची आहे. शिंपल्याची जुनी शर्टाची बटणं, आणि त्यातलं एकही मी विकत घेतलेलं नाही, सगळी अदलाबदलीत आलेली.

आपण इथे इतकी वर्षं राहतोय पण किती जणांना माहितीये की आपल्या आयोवातल्या डेव्हनपोर्टहून मिसिसिपी नदीच्या कडेकडेने खाली गेलं की जे मस्कटीन लागतं ते एके काळी जगाचं बटणांचं गाव होतं? जॉन बोपल नावाचा एक जर्मन माणूस, बटणं कातणारा कारागीर, तो इथे आला आणि १८९१ साली त्याने मस्कटीनमध्ये मिसिसिपीतल्या शिंपल्यांपासून बटणं करायला सुरुवात केली. १९०५ साली या एका गावातून वर्षाला १५० कोटी बटणं निघत होती, म्हणजे जगातल्या एकूण बटणांच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! नळीच्या करवतीने शिंपल्यातून गोल चकत्या कापायच्या, त्यामुळे उरलेला शिंपला चाळणी होऊन पडायचा. तसले भोकं पडलेले शिंपले तिथल्या म्युझियममध्ये बघायला मिळतात, मुलांना घेऊन एकदा जाऊन याच. अर्थात इतकं उपसल्यावर नदी किती पुरणार, १९०८ मध्येच सरकारला फेअरपोर्टला शिंपले वाढवायचं केंद्र मंजूर करावं लागलं, आणि पुढे प्लास्टिक आल्यावर धंदाच बसला.

तर मुद्दा असा की आपल्या भागात ज्या घरात म्हणून आजी आहे त्या घरात बटणांचा डबा आहे. गराज सेल, इस्टेट सेल, शेजारच्या म्हाताऱ्या बाई, कुठूनही मिळतो. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी दुपारी २ ते ५, लायब्ररीची मागची खोली. पहिला तास अदलाबदल, मग दागिने. किमान मूठभर जुनी बटणं आणा. नवीन शर्टाची एक्स्ट्रा बटणं आणून जुनी काच घेऊन जायचं असलं काही चालणार नाही हं, हे काही जणांना उद्देशून आहे आणि ते त्यांना कळलंय :)

सु.

---

प्रेषक: अ. (मोलीन)

सु. ताई, कळलं कळलं. मी येतोय. हॉट ग्लू गन आहे माझ्याकडे, मुलीच्या प्रोजेक्टची, ती आणू का? मागची कडी कापायची, पेंडंटवर चिकटवायचं, पाच मिनिटांत एक होईल.

---

प्रेषक: र. (आयोवा सिटी)

नमस्कार, मी लिस्टवर नवीन आहे. आमच्या शेजारच्या आजींनी घर बदलताना मला बिस्किटांचा एक मोठा डबा भरून बटणं दिली, काळी काचेची आहेत, पितळी आहेत, काही क्रीम कलरची हलकी पोकळ आहेत. डबा उघडला की चक्क आरतीच्या कापरासारखा वास येतो आणि खाली पितळी बटणांवर हिरवा थर चढलाय. हे घालण्यासारखे आहेत का की टाकून देऊ? धुवून घेऊ का गरम पाण्याने?

---

प्रेषक: सु. (बेटनडॉर्फ)

र., नको! धुऊ नकोस आणि टाकूही नकोस. आधी ती हलकी क्रीम बटणं बाजूला काढ, आजच.

तुझ्या नाकाने बरोबर ओळखलंय, तो कापूरच आहे. ती बटणं सेल्युलॉइडची, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्या जुन्या प्लास्टिकची, १८७० च्या आसपास हायट नावाच्या अमेरिकन माणसाने ते बाजारात आणलं. ते म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते, शेजारचं पितळ हिरवं पडतं, स्टीलला गंज चढतो आणि इतर सेल्युलॉइडही बिघडायला लागतं. बंद डब्यात तर फारच जोरात. म्हणून ती वेगळ्या कागदी खोक्यात, हवा लागेल अशी ठेव. ज्यांना चिरा पडल्यात किंवा जी चिकट झालीत त्यांचा दागिना करू नये, कपड्यावर आणि अंगावर ते नको. आणि यूट्यूबवर कोणीतरी सांगतं ना, गरम सुई टोचून वास बघा म्हणून, ते सेल्युलॉइडच्या बाबतीत अजिबात नाही, भडकन पेटतं.

बाकीच्यांसाठी पण लिहिते, कारण रविवारी प्रत्येक जण हेच विचारणार. शिंपला ओळखायचा तर बटण गालाला लावा, गार लागतं आणि हाताला जड असतं, पाठीमागे बऱ्याचदा शिंपल्याची खडबडीत तपकिरी साल राहिलेली असते. प्लास्टिकची नक्कल गार लागत नाही आणि कडेला साच्याची रेघ दिसते. बेकलाइट (जुनं कडक प्लास्टिक, बेकलंडने १९०७ मध्ये शोधलं, पिवळं, गडद लाल, हिरवं असतं) अंगठ्याने जोरात घासून गरम केलं की कार्बोलिक साबणाचा वास येतो. केसीन म्हणजे दुधाच्या प्रथिनाचं बटण, ते पाण्यात भिजवलंत तर फुगतं आणि तडकतं. कट स्टीलला, म्हणजे पैलू पाडलेल्या स्टीलच्या बटणांना, पाणी लागलं की गंज. म्हणजे बघा, "सगळी एका बोलमध्ये टाकून साबणात भिजवा" हा सल्ला देणाऱ्याने बटणं कधी नीट बघितलेली नसतात. कोरडा मऊ टूथब्रश, बस.

तुझी काळी काच मात्र उत्तम माल आहे. राणी व्हिक्टोरियाचा नवरा १८६१ मध्ये गेला, ती शेवटपर्यंत काळ्यात राहिली आणि मग सगळ्यांना काळे दागिने हवे झाले. खरं जेट (कोळशासारखा काळा, हलका दगड) इंग्लंडमधल्या व्हिटबीचं, ते परवडेना म्हणून काळी काच, त्यातली बरीच बोहेमियातल्या (आताच्या चेकमधल्या) याब्लोनेत्सच्या बाजूची. जेट हलकं आणि कोमट लागतं, काच जड आणि गार. संक्रांतीला काळ्या साडीवर काय दिसेल विचार कर!

आता अ. ची ग्लू गन. नको रे बाबा. गुळगुळीत काचेवर आणि धातूवर ती धरत नाही, उन्हाळ्यात गाडीत राहिलं की मऊ होऊन बटण मांडीवर पडतं. सुपरग्लूने पांढरा धुरकट डाग येतो. चिकटवायचंच तर ई६००० नावाचा गोंद घ्या, खिडकी उघडी ठेवून, आणि नीट वाळायला दोन-तीन दिवस द्या. पण माझं म्हणणं असं की जुनं बटण चिकटवूच नये आणि कडी तर कापूच नये. भोकं आहेत, कडी आहे, दागिना करायला लागतं ते सगळं बटणात आधीच आहे. तारेने बांधलं तर उद्या कंटाळा आल्यावर सोडवता येतं आणि पुढच्या वर्षी परत अदलाबदलीच्या टेबलावर ठेवता येतं. कडी कापलेलं बटण मग कोणीच घेत नाही. इथले बटण जमवणारे लोक याबाबत फार कडक आहेत, त्यांची नॅशनल बटन सोसायटी १९३८ पासून आहे, त्यांच्यासमोर पक्कड काढलीत तर चहा मिळणार नाही.

दोन भोकांच्या बटणाला २४ गेजची तार पुढून मागे दोन्ही भोकांतून घालायची, मागे पिळायची, टोक आत वळवायचं, वर फास ठेवून त्यात जंप रिंग (दागिना जोडायची छोटी उघडती रिंग). चार भोकांचं मोठं बटण असेल तर त्यावर मधलं, त्यावर छोटं ठेवून तिन्हीतून एकच तार, फूल तयार. कानातल्यांचे हूक चांदीचे किंवा सर्जिकल स्टीलचे घ्या, स्वस्तातल्या निकेलने कान चिघळतात.

सु.

---

प्रेषक: अ. (मोलीन)

बटणं आहेत की कोहिनूर! बरं, जुन्यांना हात लावत नाही. पण माझी प्लास्टिकची मी चिकटवणार, ती माझी आहेत.

---

प्रेषक: माई (डेव्हनपोर्ट)

सर्वांना आशीर्वाद. माझा मेल मुलगा टाइप करतोय त्यामुळे चुका त्याच्या.

सु., तार-बिर ठीक आहे पण तुम्ही मुली ओवायचं विसरलात. मी गावी असताना दर संक्रांतीला हलव्याचे दागिने करायचे, नव्या सुनांचे आणि बोरन्हाणाचे, अर्ध्या आळीचे माझ्याकडेच असायचे. हलव्याचा काटा मोडला की दाणा गेला, इतकं जपून ओवायला लागतं, त्यापुढे बटण म्हणजे काहीच नाही.

कडीवाली बटणं असतील, पितळी नाहीतर काचेची, तर सरळ पुतळ्यांची माळ करा. दोरा कडीतून न्यायचा आणि दोन बटणांच्या मध्ये एक छोटा मणी घालायचा, म्हणजे बटणाचं तोंड पुढे राहतं, उलटत नाही. मणी घातला नाही तर ती एकमेकांवर चढतात आणि मान खाजते. दोन भोकांची चपटी शिंपल्याची असतील तर एका भोकातून वर, दुसऱ्यातून खाली, आणि पुढचं बटण मागच्याच्या निम्म्यावर येईल असं सरकवायचं. अशी दाट बसली की लांबून ठुशीच वाटते. रेशमाला आधी मेण लावा, काचेच्या बटणाची कडी धारदार असते, नुसता दोरा चार दिवसांत कापला जाईल. जड माळेला तुमची ती प्लास्टिक चढवलेली स्टीलची वायर घ्या, मला आवडत नाही पण तुटत नाही हे खरं. मागे हूक लावू नका, गोंडा आणि सरकती गाठ करा, म्हणजे कोणाच्याही गळ्याला होते.

नथ मात्र बटणाची करू नका. कोणीतरी मला फोनवर फोटो दाखवला, चापाची नथ आणि तिला एवढं मोठं बटण! नाक ओढलं जातं.

माई

---

प्रेषक: र. (आयोवा सिटी)

माई, सु. ताई, खूप थँक्यू. क्रीम बटणं गॅरेजमधल्या खोक्यात गेली. काळी काच मोजली नाही पण दोन माळा होतील असं वाटतंय. एक विचारायचं होतं, आमच्या बाळाचं पहिलंच बोरन्हाण आहे, त्याला छोट्या रंगीत बटणांचा मुकुट आणि बाजूबंद केला तर? हलवा इथे मिळत नाही म्हणून.

---

प्रेषक: सु. (बेटनडॉर्फ)

बाळाला नको गं. एक तर सुटलं की तोंडात, आणि दुसरं म्हणजे जुन्या धातूत आणि रंगात शिसं असू शकतं. इथे मुलांच्या वस्तूंमध्ये शिशाची मर्यादा १०० पीपीएम (दहा लाखांत १०० भाग) आहे, आणि आपली बटणं त्या कायद्याच्या कितीतरी आधीची. तू स्वतः घाल, काळ्या साडीवर.

---

प्रेषक: माई (डेव्हनपोर्ट)

हलवा मिळत नाही म्हणजे काय? मी करते की. खसखशीवर पाक चढवायला वेळ लागतो इतकंच. बाळाच्या मनगटाचं माप पाठव.

---

प्रेषक: नाना (रॉक आयलंड)

मंडळी, नमस्कार.

बायकांच्या धाग्यात मध्येच येतोय पण पितळी बटणांचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. माझे आजोबा भुसावळला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या कोटाची बटणं माझ्याकडे आहेत, पुढे रेल्वेची अक्षरं, पाठीमागे इंग्लंडमधल्या कारखान्याचं नाव. ही बटणं कोटाला शिवलेली नसायची बरं का. पांढरा ड्रिलचा कोट धोब्याकडे जायचा, भट्टीत उकळायचा, म्हणून कापडाला नुसती भोकं, बटणाची कडी त्यातून आत घ्यायची आणि आतून पितळेची गोल रिंग अडकवायची. कोट धुवायला गेला की बटणं काढून आजोबा ब्रासो घेऊन बसायचे. बटणाखाली सरकवायची एक खाच पाडलेली पितळी पट्टी असते, तिने कापडाला ब्रासो लागत नाही, ती पट्टीसुद्धा आहे.

सांगायचं कारण, सु. म्हणते तेच वेगळ्या बाजूने. युनिफॉर्मचं बटण काढ-घाल करण्यासाठीच बनवलेलं आहे. कडीत रिंग अडकवा, रिंगेतून काळा गोफ ओवा, झालं पेंडंट. सोल्डर नको, भोक नको. आणि ज्यांच्या डब्यात सोनेरी मुलाम्याची जुनी बटणं असतील त्यांनी चिंच, पितांबरी, ब्रासो काही लावू नका, मुलामा पातळ असतो, एकदा गेला की गेला. ब्रासो साध्या पितळेला.

---

प्रेषक: अ. (मोलीन)

नाना!! जीआयपीची दोन बटणं मला द्या ना, कफलिंक करतो, रिंग लावूनच करतो, ग्लू नाही, शपथ. बदल्यात काय हवं ते सांगा. माझ्याकडे ५० च्या दशकातली जर्मन मूनग्लो काचेची सात-आठ आहेत, गुलाबी-निळी, आतून उजेड आल्यासारखी दिसतात, काकूंना आवडतील.

---

प्रेषक: सु. (बेटनडॉर्फ)

अ., मूनग्लो तुझ्याकडे होती आणि तू गप्प होतास?

सगळ्यांना एक सुचवते. इथे १८६० ते १९०० च्या सुमाराला मुली चार्म स्ट्रिंग करायच्या, एका दोऱ्यात बटणं, नियम असा की एकासारखं दुसरं नको आणि विकत आणलेलं नको, मैत्रिणीने दिलेलं किंवा बदलून घेतलेलंच. हजारावं बटण ओवलं की राजकुमार येतो असंही सांगायचे, आपल्यापैकी बहुतेकींचा आलाय आणि सोफ्यावर मॅच बघतोय. तर यंदाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्रत्येकीने एकेक बटण लुटायचं का? स्टीलच्या वाट्या आता कोणाच्याच कपाटात मावत नाहीत.

---

प्रेषक: माई (डेव्हनपोर्ट)

वाण उपयोगाचं हवं. बटण चालेल, पण सोबत सुई-दोरा द्या.

---

प्रेषक: खजिनदार

कृपया रिप्लाय-ऑल जरा जपून. लायब्ररीची खोली २५ जणांची आहे, आतापर्यंत १९ नावं आली. खोली फुकट आहे, पण तारा, हूक आणि रेशीम धरून माणशी ५ डॉलर. बटणं विकायची नाहीत, फक्त अदलाबदल, हे मुद्दाम सांगतोय. आणि कासवाच्या पाठीची किंवा हस्तिदंताची बटणं असतील तर ती टेबलावर आणू नका आणि भारतात पोस्टाने तर अजिबात पाठवू नका, कायद्याची भानगड होते.

---

प्रेषक: नाना (रॉक आयलंड)

अ., मूनग्लो काकूंना दाखवली, मान हलवली पण कोणत्या दिशेने ते नीट कळलं नाही. माझी अट वेगळी आहे. १९५१ साली जीआयपीची सेंट्रल रेल्वे झाली आणि बीबीसीआयची (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची) वेस्टर्न, त्याच दिवशी, ५ नोव्हेंबरला. माझ्याकडे जीआयपी आहे, बीबीसीआयचं एकही नाही. तुझी सासुरवाडी दादरची, पश्चिमेची ना? सासरेबुवांना फोन कर, माळ्यावर शोधायला सांग. एकास एक, त्याखाली मी येत नाही.