स्टिअरिंग फक्त हळू चालवताना जड, रॅक खरंच गेलाय का?

जुनीडिझेल
गाडी २०१२ ची, डिझेल, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग, १ लाख ४० हजार किमी. हायवेला काहीच जाणवत नाही. पार्किंगमध्ये किंवा गल्लीत वळवताना मात्र दोन्ही हातांनी ओढावं लागतं, सकाळी तर जास्तच. फुल लॉकला (स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेलं की) घूंऽऽ असा आवाज. खाली तेलाचा एक थेंबही नाही. गॅरेजमध्ये सरळ रॅक (स्टिअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारा भाग) बदला म्हणतात. त्याआधी काय तपासू?

ग्रीसगन
हायवेला जाणवत नाही यावरून काही ठरवू नका. चाक गरगरत असताना वळवायला फारच कमी जोर लागतो. उभ्या गाडीत टायर रस्त्यावर घासून फिरवावा लागतो, त्यामुळे पॉवरची मदत थोडी कमी पडली तरी लगेच कळते.

आधी पुढच्या टायरची हवा बघा, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे. ८-१० पीएसआय कमी असेल तर तेवढ्यानेही जड होतं.

मग पुढची दोन्ही चाकं उचला. खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर काम नको. इंजिन बंद, चावी फक्त स्टिअरिंगचं कुलूप सुटेल इतकी फिरवा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आतलं तेल ढकललं जातं म्हणून थोडा, पण सगळीकडे एकसारखा विरोध लागेल. तो चालतो.

एका फेरीत दोनदा अडखळलं तर कॉलमच्या (स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्याच्या) खालचा क्रॉस, म्हणजे वाकता सांधा, गंजलाय. पावसाळ्यात पाणी-चिखल बसून हे होतं, आणि रॅक बदलूनही जात नाही. फिरवताना दुसऱ्याला पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हात ठेवायला सांगा. स्प्रिंग पीळ घेऊन टक्कन सुटत असेल तर स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बरच्या जोडीचं) वरचं बेअरिंग खराब. एकसारखंच पण फार जड असेल तर दोन्ही टायरॉड एंड (रॅकला चाकांशी जोडणारे सांधे) सोडवून पुन्हा फिरवा: हलकं झालं तर दोष चाकाकडे (बॉल जॉइंट, बेअरिंग), नाही झालं तर रॅक किंवा कॉलम.

मुळातच हलकं फिरलं तर स्टिअरिंगचा पंप, तो फिरवणारा पट्टा आणि तेलाकडे वळा.

जुनीडिझेल
हवा बरोबर होती. चाकं वर असताना मस्त हलकं फिरतं, अडखळत नाही. जमिनीवर आयडलला (रेस न देता इंजिन चालू) जड, रेस १५०० आरपीएमपर्यंत नेली की हलकं. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीत तेल काळपट आणि वर फेस.

पट्टापुली
फेस म्हणजे तेलात हवा. आणि हवा आत येताना तेल बाहेर गळावंच लागतं असं नाही. डबीपासून पंपाकडे येणारा जाड रबरी पाइप ओढणीच्या बाजूचा असतो. तो कडक झाला किंवा क्लिप सैल झाली की तिथून पंप हवा ओढतो, खाली मात्र सगळं कोरडं. तो पाइप आणि दोन्ही क्लिपा बदला, खर्च किरकोळ आहे. बऱ्याच डब्यांच्या तळाला जाळी असते, ती गाळाने बुजली तरी पंप उपाशी राहतो आणि असाच घूं करतो. डबी काढून धुवा. जाळी निघत नसेल तर नवीन डबी.

पट्टाही बघून घ्या. पट्ट्याच्या सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबून साधारण १० मिमीपेक्षा जास्त झोल नको. सैल पट्टा फुल लॉकला किंचाळतो, घूं करत नाही. ऑटो टेन्शनर (पट्टा आपोआप ताणून धरणारा भाग) असेल तर झोल मोजण्यात अर्थ नाही, टेन्शनरच तपासा.

तेल बदलताना: परतीचा पाइप डबीपासून काढून बाटलीत सोडा, डबीचं तोंड बुचाने बंद करा. चाकं वर, इंजिन बंद. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने डबीत नवीन तेल ओतत राहायचं, बाटलीत स्वच्छ येईपर्यंत. २ लिटर जवळ ठेवा. पाइप जोडल्यावर इंजिन बंद ठेवूनच १५-२० वेळा टोकापासून टोकापर्यंत. घाईने इंजिन चालू केलंत तर पंप उरलेली हवा घुसळून पुन्हा फेस करेल. नंतर आयडलला ५-६ वेळा, फुल लॉकला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका.

नवशिक्या_७
घरी ब्रेक ऑइल पडलंय, टॉप-अपला चालेल का?

पट्टापुली
अजिबात नाही! या सिस्टिमचे सील खनिज तेलासाठी बनवलेले असतात, ब्रेक ऑइलने ते फुगून खराब होतात. डबीच्या झाकणावर लिहिलेलंच घ्या. आणि लाल तेल सगळ्या गाड्यांना चालतं हाही गैरसमज आहे, काहींना हिरवं लागतं.

ग्रीसगन
जुनीडिझेल, हे सगळं करूनही सकाळी जड आणि गरम झाल्यावर ठीक असं राहिलं, तर रॅकच्या व्हॉल्व्हमधल्या रिंगा झिजलेल्या असू शकतात. मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं. तरी आधी पंप आणि रॅकच्या मध्ये प्रेशर गेज लावायला सांगा. गेजचा व्हॉल्व्ह जास्तीत जास्त ५ सेकंद बंद करायचा. मॅन्युअलमधला आकडा गाठला तर पंप शाबूत, दोष रॅकमध्ये. नाही गाठला तर पंप. एकाच बाजूला जड लागत असेल तर संशय रॅकवरच घ्या.

नवशिक्या_७
माझ्या गाडीत तेलाची डबीच नाही. पार्किंग करताना मध्येच जड होतं, १० मिनिटांनी आपोआप ठीक.

ग्रीसगन
तुमचं इलेक्ट्रिक आहे. उभ्या गाडीत सारखं टोकापासून टोकापर्यंत फिरवलं की मोटर तापते आणि कंट्रोलर स्वतःच मदत कमी करतो. तो बिघाड नाही, गाडी किंचित सरकवत स्टिअरिंग फिरवा. पण दोन-चार वळणांतच होत असेल किंवा दिवा लागत असेल तर बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. त्यानंतर बॅटरीची टोकं आणि बॉडीची अर्थिंग घासून घट्ट करा. स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय कॉलम बदलायला हो म्हणू नका.