खाकीखालची जात

वर एका दादांनी लिहिलंय की वर्दी चढली की जात गळून पडते. दादा, माझा मोठा भाऊ नंदुरबार जिल्ह्यात हवालदार आहे. आम्ही भिल्ल. छातीवरच्या पट्टीवर आडनाव वाचलं की समोरच्या साहेबाचा सूर बदलतो, हे त्याने वर्षानुवर्षं सोसलंय.

सारंगखेड्याच्या यात्रेचा बंदोबस्त लागला की रात्रपाळीचा सगळ्यात लांबचा पॉइंट याचाच. गुन्ह्याचा तपास मात्र याच्याकडे येत नाही. "तुला भिलोरी येते, तू डोंगरातले समन्स बजाव," एवढंच. तपास नाही म्हणून बक्षीस नाही, सेवापुस्तकात चांगली नोंद नाही, आणि मग बढतीच्या वेळी "कामगिरी काय?" हा प्रश्न! जेवताना तो दादर ज्वारीच्या भाकरीचा डबा उघडतो तेव्हा शेजारची खुर्ची सरकते. तो आवाज त्याला घरीही ऐकू येतो.

ज्या खान्देशात इंग्रजांनी 1825 साली धरणगावला भिल्ल पलटण उभी करून बंदोबस्त आमच्याच माणसांवर सोपवला, तिथलं हे चित्र आहे.

1989 चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, मान्य. पण फिर्याद द्यायची कुठे? खात्यातच. तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करणार, तोही खात्यातलाच, आणि साक्षीदार म्हणजे उद्या सोबत ड्यूटी करणारे. म्हणून भावाला मी थेट अनुसूचित जमाती आयोगाकडे अर्ज करायला सांगितलंय. वर्षभराच्या ड्यूटीवाटपाच्या नोंदी तो सध्या वहीत उतरवतोय.