मदत हवी आहे: लीक टेस्टरची फेल मर्यादा किती पास्कल ठेवू?

मकरपुरा_शिफ्ट२: बडोदा, मकरपुरा जीआयडीसी. अॅल्युमिनियमचं पंप हाउसिंग, प्रेशर डिके टेस्टर (नगात हवा भरून बंद करतो आणि दाब किती पास्कल घटला ते मोजतो). ड्रॉइंगवर चालणारी गळती २ मिली/मिनिट लिहिलीय, मशीन पास्कल मागतं. ५० भरलेत. सकाळी सगळे पास, जेवणाच्या सुट्टीनंतर चांगले नगही फेल. सोमवारी ग्राहकाचं ऑडिट आहे. थिअरी नको, आकडा सांगा.

हवाबंद: आकडा हवेतून काढू का? दाब किती, आतलं आकारमान किती, टेस्ट टाइम किती?

मकरपुरा_शिफ्ट२: १ बार. नग २५० मिली. १० सेकंद. आता सांगा.

हवाबंद: नळी आणि फिक्स्चरमधली (नग पकडून सील करणाऱ्या जोडणीतली) हवा कोण धरणार? ४ मिमी आतल्या व्यासाच्या मीटरभर नळीतच साडेबारा मिली बसते. एकूण ३०० धरू.
पास्कल = गळती × सेकंद × १०१३२५ ÷ (६० × आकारमान)
म्हणजे ११३. तुमचे ५० म्हणजे जेमतेम ०.९ मिली/मिनिट, ड्रॉइंगच्या दुप्पट कडक.

जुनाफिटर: एवढं गणित कशाला? पाण्यात बुडवा. ३ मिमीचा बुडबुडा ०.०१४ मिलीचा, २ मिलीला मिनिटाला १४० बुडबुडे. चष्म्याशिवाय दिसतील.

हवाबंद: दिसतील, पण बघणारा दर शिफ्टला बदलतो. आणि ओला नग टेस्टरवर लावू नका. बारीक छिद्रात पाणी अडकतं, गळका नग पास होतो.

हेलियमवाला: हेलियम वायूने गळती शोधणारं मशीनच घ्या. २ मिली/मिनिट म्हणजे ०.०३४ मिलिबार-लिटर/सेकंद, चुटकीसरशी सापडेल.

जुनाफिटर: एवढ्या मोठ्या गळतीला हेलियम? पैसे तुम्ही देणार का?

तपासनीस: ११३ थेट भरू नका. न गळणारा मास्टर नग लावा. भरताना हवा तापते, मग निवते, म्हणून त्यालाही थोडी घट दिसते. मग त्यालाच २ मिलीचा लीक मास्टर (मिनिटाला ठरावीक गळती देणारं छिद्र) जोडा, पण १ बारलाच कॅलिब्रेट केलेला. दुसऱ्या दाबाचं सर्टिफिकेट इथे कुचकामी. समजा १८ आणि १२८ आले. फरक ११०, म्हणजे खरं आकारमान ३०७ मिली. आता लीक मास्टरसकट ३० रीडिंग घ्या, मध्ये नग निवू द्या, आणि १२८ मधून तीन सिग्मा (रीडिंगच्या प्रमाण विचलनाची तिप्पट) वजा करा. ती फेल मर्यादा. खाली −२० चीही मर्यादा लावा. दाब वाढलेला दिसला तर आतली हवा तापतेय, तो पास धरू नका.

हवाबंद: ते १८ ऑफसेटमध्ये (टेस्टर प्रत्येक रीडिंगमधून आपोआप वजा करतो तो आकडा) टाकून मोकळं व्हा ना.

तपासनीस: अजिबात नको. ओ-रिंग (फिक्स्चरचं रबरी सील) झिजून गळू लागली की कोणीतरी ऑफसेट वाढवून झाकतं. त्यापेक्षा मास्टरचं रीडिंग स्थिरावेपर्यंत स्टॅबिलाइज टाइम (हवा भरल्यावर मोजणीआधीचा थांबा) वाढवा.

मकरपुरा_शिफ्ट२: ते ठीक. दुपारी फेल का?

हवाबंद: दुपारचे नग येतात कुठून?

मकरपुरा_शिफ्ट२: वॉशिंग मशीनमधून थेट, गरमच. सकाळचे आदल्या रात्रीचे असतात. त्याचा काय संबंध?

तपासनीस: सगळाच! १ बार गेज (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) म्हणजे २ बार अॅब्सोल्यूट (एकूण दाब). हवा ०.१ अंशाने निवली तरी ६८ पास्कल जातात. तुमचे ५० तिथेच संपले, आणि तीन सिग्मा वजा करून समजा ११५ ठेवलेत तरी ०.२ अंश पुरेत. धुतलेले नग आधी रॅकवर पंख्याखाली ठेवा.

जुनाफिटर: मे महिन्यात बडोद्यात पंखा काय निववणार? म्हणून म्हणतो, बुडवा.

तपासनीस: थंड करायला कोण सांगतंय? नग, फिक्स्चर आणि टेस्टर एकाच तापमानाला आले की झालं, मग ते ४० का असेना. मास्टर नगही त्याच रॅकवर ठेवा, ऑफिसच्या एसीत नको.