शब्दचर्चा : पोलिश घरातले शब्द मराठीत कसे आणावेत?

प्रश्न

वळिवड्याच्या छावणीत लहानपण गेलेल्या पोलिश मंडळींच्या आठवणी मराठीत आणायचं काम हाती घेतलंय. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या या छावणीत पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. आठवणींत खाण्यापिण्याचा विषय सारखा येतो, आणि तो बहुतेक वेळा मागे राहिलेल्या घराचा असतो. विगील्या, ओप्वातेक, बार्श्च, उश्का, प्येरोगी, कूत्या, बाप्चा असे शब्द आहेत. यांना मराठी प्रतिशब्द द्यावेत की हेच ठेवावेत? माझे वाचक कोल्हापूर-सांगलीकडचे, बरेचसे वयस्कर. परके शब्द फार झाले तर ते पुस्तक बाजूला ठेवतील.

प्रतिसाद

प्रतिशब्द द्यावेत असं माझं मत. प्येरोगी म्हणजे 'उकडलेल्या करंज्या'. बार्श्च म्हणजे 'बिटाचं सार'. गोवोंप्की म्हणून एक पदार्थ असतो, तो 'कोबीच्या पानातला खिमा'. विगील्या हा शब्द लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ जागत राहणं, तेव्हा 'जागर' अगदी चपखल बसेल. वाचकाला अडखळायला लावू नये.

प्रतिसाद

मी लग्नानंतर व्रोत्सवाफला आले, सासर पोलिश आहे, त्यामुळे हे शब्द रोजच्या कानावरचे. 'बिटाचं सार' मला पटलं. बिटाच्या फोडी मिठाच्या पाण्यात लसूण, तमालपत्र घालून काही दिवस आंबवतात आणि त्या लालभडक पाण्याचा बार्श्च करतात. सार म्हटलं की पातळपणा आणि आंबटपणा दोन्ही पोचतात. बाकीच्यांबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे.

'जागर' नको. मराठी माणसाला जागर म्हटलं की खंडोबा, देवी, गोंधळी, दिवटी आठवणार. विगील्या म्हणजे २४ डिसेंबरचा दिवसही आणि त्या संध्याकाळचं जेवणही. मुलं खिडकीशी बसून आकाशात पहिली चांदणी शोधतात. ती दिसल्याशिवाय कुणी ताटावर बसत नाही. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत पसरलेलं असतं, कारण येशूचा जन्म गोठ्यातला. एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. रीतीप्रमाणे बारा पदार्थ, आणि त्यांत मांस नाही. घासाला हात लावण्याआधी ओप्वातेक फिरतो. हा कागदासारखा पातळ, बेचव, मैद्याचा पापुद्रा, त्यावर येशूजन्माचं चित्र उठवलेलं. प्रत्येक जण प्रत्येकाच्या पापुद्र्याचा तुकडा मोडतो, तोंडात टाकतो आणि समोरच्याला येत्या वर्षासाठी काहीतरी चांगलं चिंततो. वर्षभर अबोला धरलेली माणसंही त्या वेळी समोरासमोर येतात. परदेशातल्या नातेवाइकांना पोलिश लोक हा पापुद्रा पत्रात घालून पाठवतात. याला 'प्रसाद' म्हटलं तर तो कुणीतरी एकाने वाटायचा होईल, आणि इथे तर प्रत्येकाने प्रत्येकाचा मोडायचा असतो. म्हणून ओप्वातेकच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे दोन ओळींत प्रसंग दाखवा. वाचक गावाकडचा असला म्हणून अडखळणार नाही. प्रसंग दिसला की शब्द आपोआप लक्षात राहतो.

आता कूत्या. तुमच्या यादीतला हा सर्वांत मोलाचा शब्द आहे. सासूबाईंचा जन्म व्रोत्सवाफचा, पण त्यांच्या आईचं गाव ल्वूफजवळ, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवजवळ. १९४५ मध्ये पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकल्या. पूर्वेचा मुलूख सोव्हिएत संघात गेला, जर्मनांचं ब्रेस्लाउ पोलंडकडे येऊन व्रोत्सवाफ झालं, आणि पूर्वेकडची कुटुंबं मालगाड्यांतून संसार घेऊन इकडे आली. त्या गेलेल्या मुलखाला 'क्रेसी' म्हणतात. वळिवड्याला पोचलेली बहुतेक माणसंही क्रेसीतलीच. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरिया, कझाकस्तानकडे नेऊन टाकलं, पोलिश सरकारशी झालेल्या १९४१ च्या करारानंतर सुटका झाली आणि इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली.

कूत्या हा मुख्यतः या पूर्वेकडच्या घरांचा पदार्थ. दक्षिणेकडच्या श्लोंस्क प्रांतात त्याच रात्री माकूफ्की करतात, म्हणजे दुधात भिजवलेल्या पावाचे आणि खसखशीचे थर. तिथल्या बऱ्याच घरांना कूत्या ठाऊकही नसते. म्हणून आठवणीत 'आमच्याकडे कूत्या व्हायची' असं आलं की ते घर कुठलं असावं याचा अंदाज बांधता येतो. प्रतिशब्द घातला की ही खूण पुसली जाते.

आमच्याकडे ती अशी होते. टरफल काढलेला गहू आदल्या रात्री भिजत घालतात, दुसऱ्या दिवशी दाणा फुटेपर्यंत मंद आचेवर शिजवतात. खसखस इथली निळसर काळी. तिच्यावर उकळतं दूध ओतून झाकून ठेवायची, निथळायची आणि खिम्याच्या यंत्रातून काढायची. एकदा काढून भागत नाही, दोन-तीनदा काढली की ती ओलसर, करडी, तेलकट होते आणि स्वयंपाकघरभर तिचा वास भरतो. मग मध, मनुका, अक्रोड. लहानपणी यंत्राचा दांडा फिरवायचं काम सासूबाईंचं आणि भांड्याच्या कडेला चिकटलेलं बोटाने पुसून खायचा हक्कही त्यांचाच. त्यांच्या आईच्या गावी घरचा कर्ता पहिला चमचा छताकडे भिरकवायचा. दाणे छताला चिकटले तर येतं वर्ष पिकाचं. फ्लॅटमध्ये ही रीत टिकली नाही, पण सांगितली मात्र दरवर्षी जाते.

कोल्हापूरच्या वाचकाला 'खपली गव्हाच्या हुग्गीसारखी, पण थंड आणि खसखशीने काळी' एवढं म्हटलं की पदार्थ जिभेवर येईल. नाव कूत्याच राहू द्या. आणि 'कू' दीर्घच लिहा. उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर आहे, शिवाय ऱ्हस्व लिहिलं तर मराठी डोळा भलतंच वाचेल.

प्येरोगीला करंजी म्हणू नये. करंजी तळलेली, गोड, दिवाळीची. विगील्याच्या प्येरोगीत आंबवलेला कोबी आणि रानातले सुकवलेले अळंबे असतात. एरवी रोजच्या जेवणात 'प्येरोगी रुस्क्ये' होतात, सारण बटाटा आणि त्फारूकचं (फाडलेल्या दुधाचा भुरभुरीत चक्का), वर परतलेला कांदा. यातल्या 'रुस्क्ये'चं भाषांतर 'रशियन' करू नका, हे कळकळीने सांगते. तो शब्द रुस या जुन्या मुलखावरून आला आहे, ल्वूफच्या आसपासच्या. रशियन याला पोलिशमध्ये वेगळा शब्द आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर इथल्या काही खानावळींनी फलकावरचं नाव बदलून 'युक्रेनी प्येरोगी' केलं, इतका हा गैरसमज पोलंडमध्येही आहे. रशियनांनीच ज्यांना घराबाहेर काढलं त्यांच्या तोंडी 'रशियन करंज्या' घालणं फार अन्यायाचं होईल.

गोवोंप्कीचा शब्दशः अर्थ 'छोटी कबुतरं', उश्काचा (बार्श्चमध्ये घालायच्या, सारण भरलेल्या कणकेच्या छोट्या घड्या) 'छोटे कान'. भाषांतराचं यंत्र वापरत असाल तर इथे जपा.

बाप्चाला मात्र बिनदिक्कत 'आजी' म्हणा. नात्याचे शब्द आपले असले की मूल आपलं वाटतं. पोलिशमध्ये आईची आई आणि वडिलांची आई दोघी बाप्चाच.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

खूप आभार, ताई. दोन शंका. काही कागदांत न्हाणीच्या टबात सोडलेल्या जिवंत माशाचा उल्लेख आहे, तो क्रेसीतला समजायचा का? आणि या शब्दांचं लिंग-वचन मराठीत कसं चालवायचं?

प्रतिसाद

तो मासा कार्प. विगील्याआधी बाजारातून जिवंत आणायचा आणि जेवणाच्या दिवसापर्यंत टबात पाण्यात ठेवायचा, ही युद्धानंतरच्या शहरी फ्लॅटची आठवण आहे. सासूबाईंकडे ती भरपूर. टब अडलेला, अंघोळ बादलीत, मुलांनी माशाला नाव ठेवलेलं आणि मग ताटातला तुकडा घशाखाली उतरत नाही. खाऊन झाल्यावर त्याचा एक खवला पाकिटात ठेवतात, पैसा टिकावा म्हणून. तुमच्या कागदांतला हा भाग पोलंडला परतल्यानंतरचा आहे का, ते आधी तपासा. मागच्यापुढच्या मजकुरावरून कळेल.

लिंगाची अडचण येत नाही, कारण पोलिशमध्येही आपल्यासारखी तीन लिंगं आहेत. तो बार्श्च, तो ओप्वातेक, ती कूत्या, ती विगील्या. प्येरोगी हे अनेकवचनच आहे, तेव्हा 'ते प्येरोगी' लिहा. एकवचन 'प्येरूक', पण ते घरात क्वचितच बोललं जातं, एकच कोण खातो! उश्को नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचन उश्का. म्हणून 'ती उश्का' हे मराठीतही बरोबर बसतं, 'ती पानं'सारखं. वाक्य असं होईल: उश्का वाडग्यात आधी घातली, ती बुडतील इतका बार्श्च वरून ओतला.