मदत हवी आहे: फिनाइलनायट्रीनचा सिंगलेट नक्की असतो कसा?

नमस्कार मंडळी, चार दिवस एकाच ठिकाणी अडकलेय, जाणकारांनी प्लीज बघा.

प्रोजेक्टसाठी नायट्रीन घेतलंय, म्हणजे एकाच गटाला जोडलेला, चार्ज नसलेला नायट्रोजन. साध्या एनएचपर्यंत सगळं नीट कळलं. नायट्रोजनवर सहाच व्हॅलन्स इलेक्ट्रॉन, दोन बाँडमध्ये, दोन लोन पेअरमध्ये, आणि उरलेले दोन सारख्याच एनर्जीच्या दोन पी ऑर्बिटल्समध्ये एकेक, म्हणून ग्राउंड स्टेट (सगळ्यात कमी एनर्जीची अवस्था) ट्रिप्लेट, म्हणजे दोघांचे स्पिन एकाच दिशेने, आणि सिंगलेट, म्हणजे स्पिन उलटे, तब्बल ३६ किलोकॅलरी प्रति मोल वर. सीएच२ कार्बीनला (दोनच बाँडवाल्या कार्बनला) हाच गॅप फक्त ९, कारण तिथे सिग्मा ऑर्बिटल पी पेक्षा मुळातच खाली असतं, त्यात जोडी बसवणं तितकं महाग पडत नाही. इथवर पटलं.

गाडी अडते ती फिनाइलनायट्रीनपाशी, म्हणजे एनएचमधल्या हायड्रोजनच्या जागी बेंझीन रिंग. प्रयोगातून गॅप आलाय १८ च्या आसपास, म्हणजे एनएचच्या निम्मा. म्हटलं स्वतः काढून बघू, डीएफटी (इलेक्ट्रॉन डेन्सिटीवरून एनर्जी काढायची पद्धत) लावलं तर आला ३० च्या वर! बेसिस सेट (ऑर्बिटल्स मांडायची फंक्शन्स) मोठा केला, जॉमेट्री परत ऑप्टिमाइझ केली, ढिम्म हलत नाही. मग अनरिस्ट्रिक्टेड करून (उलट्या स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना वेगळी ऑर्बिटल्स देऊन) ऑर्बिटल्स मिक्स केली तर गॅप धाडकन ९.४ वर आणि आउटपुटमध्ये एस स्क्वेअर (एकूण स्पिनचं माप) १.०२. सिंगलेटला शून्य यायला पाहिजे ना? मग यातलं खरं काय धरायचं, आणि बेंझीन रिंग जोडल्यावर गॅप निम्मा का होतो?

प्रतिसाद १:
तुमचं कॅल्क्युलेशन बिघडलेलं नाही, सिंगलेट म्हणजे जोडी जमलेली असणारच हे गृहीत धरलंय तिथे घोळ आहे. फिनाइलनायट्रीनचा सगळ्यात खालचा सिंगलेट ओपन शेल असतो. एक इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रिंगच्या प्लेनमधल्या पी मध्ये, दुसरा पाय सिस्टिममध्ये, आणि हा दुसरा रिंगच्या ऑर्थो-पॅरा कार्बनवर पसरतो. दोघं एकमेकांपासून लांब गेले की उलटे स्पिन असण्याची किंमत कमी होते, म्हणून गॅप निम्मा. रिस्ट्रिक्टेड डीएफटी दोघांना एकाच ऑर्बिटलमध्ये कोंबतं, ती क्लोज्ड शेल स्टेट खरोखरच बरीच वर आहे. आणि एस स्क्वेअर १ म्हणजे तुमच्या उत्तरात अर्धा सिंगलेट, अर्धा ट्रिप्लेट मिसळलाय, तेव्हा गॅप दुप्पट करून बघा. नीट करायचं तर सीएएसएससीएफवर सीएएसपीटी२ (इलेक्ट्रॉनांच्या अनेक मांडण्या एकत्र धरणाऱ्या पद्धती). सी–एन बाँडची लांबी पण बघा.

मूळ धागाकर्ती:
९.४ चे दुप्पट १८.८!! चार दिवस हा आकडा डोळ्यासमोर होता. सी–एन पण बघितला, सिंगलेटमध्ये ट्रिप्लेटपेक्षा आखूड आहे, जवळजवळ इमिनसारखा (सी–एन डबल बाँडसारखा). म्हणजे ऑर्थो कार्बनवर इलेक्ट्रॉन आहे म्हणूनच नायट्रोजन तिथे वळून बेंझअझिरीन (रिंगला चिकटलेलं तीन अणूंचं कडं) होतं, मग रिंग मोठी होते आणि डायइथाइलअमाइन घातलं की अझेपीन (नायट्रोजनसकट सात अणूंची रिंग) मिळतं, बरोबर ना? मी तर ही पायरी नुसती पाठ केली होती. खूप खूप आभार.

एकच अजून, फिनाइलनायट्रेनियम आयनला (पॉझिटिव्ह चार्जवाल्या नायट्रोजनला) पण हीच भानगड का?

प्रतिसाद १:
अझेपीनचं अगदी बरोबर. खोलीच्या तापमानाला सिंगलेट नॅनोसेकंदभरच टिकतो, थंड केलं तर मात्र रिंग फुगण्याआधी ट्रिप्लेटमध्ये उतरतो आणि अझोबेंझीन मिळतं. नायट्रेनियमला ही भानगड नाही. तिथे रिकाम्या पी मध्ये रिंग इलेक्ट्रॉन ढकलते, ग्राउंड स्टेटच क्लोज्ड शेल सिंगलेट असते, रिस्ट्रिक्टेड बिनधास्त चालवा.