कालाकुंड स्टेशन आणि तिथली वस्ती: आधी गाव की आधी स्टेशन?

इंदूरकरीण:
पावसात हेरिटेज ट्रेननं पातालपानी-कालाकुंड करून आलो सगळे. धबधब्याचे फोटो सगळेच टाकतात पण माझ्या डोक्यात कालाकुंडच बसलंय. चारी बाजूंनी डोंगर, शेजारी चोरल नदी, वस्ती म्हणाल तर मूठभर, आणि एवढ्याशा जागी रेल्वेनं स्टेशन का केलं असेल? गाव आधीचं की स्टेशनमुळे झालं? आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी रेल्वेतली माणसं होती, सांगा ना कुणीतरी.

घाटवाला_महू:
ताई, उत्तर घाटात आहे. कालाकुंड पायथ्याला आणि पातालपानी वर, मधे जेमतेम दहा किलोमीटर पण चढ 1:40 चा, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. एका इंजिनाच्या आवाक्यातलं काम नाही हे, म्हणून खांडव्याकडून आलेली गाडी कालाकुंडला थांबायची, मागून बँकर इंजिन लागायचं आणि मग एक ओढतंय एक ढकलतंय अशी ती बोगद्यांतून वर निघायची. आता इंजिन लावायचं काढायचं म्हणजे ड्रायव्हर, पॉइंट्समन, गँगमन सगळे तिथेच राहायला हवेत, त्यांची पोरंबाळं, त्यांना दूध-भाजी देणारे. आजूबाजूला भिल्लांचे पाडे होतेच, पण स्टेशनलगतची वस्ती पोसली ती या थांब्यानं. गाडी न थांबता गेली असती तर तिथे काही झालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.
आणि कलाकंद! गाडी उभी राहिली की पळसाच्या पानावर गरम कलाकंद घेऊन माणसं खिडकीशी हजर. दाणेदार, कडेला थोडा खरपूस, पानाचा वास लागलेला. इंजिन लागेपर्यंत खाऊन व्हायचा, घाईच नाही कुणाला.

जुनी_इंदौर:
मुळात ही लाईन आली कशी तेही लिहून ठेवतो. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1870 साली इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याज, मुदत 101 वर्षं! अट काय तर मेन लाईनवरच्या खांडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे आणा. म्हणून नाव होळकर स्टेट रेल्वे. खांडवा-सनावद 1874 ला सुरू झालं, नर्मदेचा पूल 1876 ला, आणि त्याच्यापुढे विंध्याचा हा घाट. आपल्या राजानं पुढच्या शंभर वर्षांचा विचार करून पैसा घातला याचा मला फार अभिमान आहे, शाळेत कुणी शिकवत नाही हे. याच मीटरगेजनं (एक मीटर रुंदीच्या रुळांची लाईन) पुढे अकोला-पूर्णेकडची माणसं थेट इंदूरला यायची, माझ्या आजीचं माहेर अकोल्याचं, तिची सगळी दिवाळीची जा-ये याच गाडीनं.

घाटवाला_महू:
दादा बरोबर. टंट्या मामांचं राहिलं, म्हणजे इंग्रजांशी लढलेले भिल्ल क्रांतिकारक टंट्या भील, पातालपानीला त्यांचं देऊळ आहे, तिथे गाडी थांबून सलामी देऊनच पुढे जायची. रेल्वेवाले म्हणतील ब्रेक तपासायला थांबते, पण त्या भागातला कुठलाही माणूस विचारा, तो मामांचंच नाव घेईल.

इंदूरकरीण:
काय सुंदर माहिती दिलीत दोघांनी! पण मग आता गावाचं काय? रोजची गाडी बंदच झाली ना?

जुनी_इंदौर:
हो, 2023 च्या सुरुवातीला महू ते ओंकारेश्वर रोड स्टेशन ही मीटरगेज गाडी बंद झाली. नव्या ब्रॉडगेज (रुंद रुळांच्या) लाईनला एवढा चढ ठेवत नाहीत म्हणून नवा मार्ग लांबून वळसा घालून नेतायत, त्यात कालाकुंड नाही. घाटाचा तुकडा हेरिटेज म्हणून ठेवलाय (ती गाडी 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली) ते चांगलंच आहे, पण पर्यटकांची गाडी आणि बाजारहाट, दवाखाना, शाळेसाठीची गाडी यात फरक आहे हो. त्या लोकांना धड रस्ता आधी मिळायला हवा होता, मग गाडी बंद करायची.
बाकी ज्यांच्या घरी लोकोशेडमधले, स्टेशनमधले जुने फोटो, पास, वेळापत्रकं असतील त्यांनी स्कॅन करून इथे टाका, वाळवी लागायच्या आत.